तलावांतील अनाम जीवांची नोंद

आमच्या गोंदिया जिल्ह्यांत तलावाची नोंद ठेवण्याची रीत जुनी आहे. त्याचें क्षेत्र किती, पाणी कोणाच्या धानास आधीं मिळावें, निस्ताराचे हक्क कोणाचे, हें सर्व खसरा व वाजिब-उल-अर्ज या कागदांत लिहिलेलें सांपडतें. १९५१ सालीं मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे आले व त्यांस माजी मालगुजारी, म्हणजे मामा तलाव, म्हणूं लागले. हक्कांची नोंद इतकी बारीक असली तरी पाण्यांत राहणाऱ्या लहान जीवांची नोंद मात्र फारच तोकडी आहे. त्यांपैकीं एका जीवाविषयीं आज आम्ही लिहीत आहों.

कमळाच्या पानाची खालची बाजू, बुडालेली फांदी किंवा पाळीचा दगड उलटून पाहावा. त्यावर कधीं तपकिरी जाळी, तर कधीं लिबलिबीत पारदर्शक गोळा दिसतो. आपण त्यास शेवाळ समजतों. पण ती ब्रायोझोआ नांवाच्या सूक्ष्म प्राण्यांची वसाहत असते. त्यांतील प्रत्येक प्राणी तोंडाभोंवतीं केसांसारख्या तंतूंचा मुगुट पसरून पाण्यांतील बारीक शैवल व जंतु गाळून खातो. पाणी आटलें कीं वसाहत मरते. परंतु तत्पूर्वीं तिच्या अंगांत कठीण कवचाचे बारीक दाणे तयार झालेले असतात. शास्त्रज्ञ त्यांस स्टॅटोब्लास्ट म्हणतात. शेतकऱ्यानें खुशाल बियाणें म्हणावें, कारण पुन्हां पाणी येतांच त्यांतून नवी वसाहत उगवते.

धानाचें वाण जसें दाण्यावरून ओळखतां येतें, तशीच या प्राण्याची जात पुष्कळदां या दाण्यावरून ठरते. नवी जात सांपडली असें नुसतें म्हणून भागत नाहीं. दाण्याचीं मापें घ्यावीं लागतात, चित्रें काढावीं लागतात, जवळच्या जातींहून ती कशी निराळी हें दाखवून तें छापावें लागतें, आणि मूळ नमुना संग्रहालयांत ठेवावा लागतो. फेरफाराची नोंद मूळ दस्तऐवजावांचून पक्की होत नाहीं, तोच न्याय येथेंही लागतो.

याचें आपल्याच प्रांतांतील उदाहरण पाहा. कंपनी सरकारचे शल्यवैद्य हेन्री जॉन कार्टर यांनीं १८५९ सालच्या सुमारास मुंबईच्या पाण्यांतील एका ब्रायोझोआचें वर्णन केलें. पुढें अमेरिकेंतील अल्फियस हायट यांनीं त्या जातीस कार्टर यांचें नांव दिलें. आज तिला लोफोपोडेला कार्टेरी म्हणतात. कलकत्त्याच्या संग्रहालयाचे डॉ. ॲनंडेल यांनीं भारतांतील अशा जीवांवर १९११ सालीं ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यांत ती इगतपुरीच्या तळ्यांतही नोंदलेली आहे. १९३४ सालीं मेरी रॉजिक यांनीं हीच जात अमेरिकेंत असल्याचें जाहीर केलें. तिचे दाणे चार वर्षें कोरडे राहूनही उगवतात, आणि तिची वसाहत चिरडली असतां निघणारा द्रव माशांच्या कल्ल्यांस घातक ठरतो, हें पुढील अभ्यासांत दिसून आलें. मुंबईंत कोणी आधीं नीट लिहून ठेवलें होतें, म्हणून हजारों कोसांवर पाहुण्याची ओळख पटली.

कोणी विचारील, यानें एकरीं धान किती वाढेल? मुळींच वाढणार नाहीं, हें आम्ही आधींच सांगतों. पण हेच जीव पाण्याच्या नळांत व जाळ्यांत माजून तीं तुंबवितात, आणि माशांशीं त्यांचा संबंध वर आलाच आहे. ज्याच्या पाण्यावर आपली शेती व धीवर बंधूंचा संसार चालतो, त्या तलावांत कोण राहतें हें ठाऊक असणें हा व्यवहारच आहे.

ही गोष्ट आतां निकडीची झाली आहे. २०१७ पासून गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार या योजनेनें गाळ काढण्यास जोर आला. गाळ काढलाच पाहिजे व तो शेतांत पडलाच पाहिजे, याविषयीं आमचें दुमत नाहीं. परंतु यंत्र एका पाळीपासून दुसऱ्या पाळीपर्यंत तळ खरवडूं लागलें, कीं कमळाचे कांदे, जुन्या फांद्या व गाळांतले दाणे एकदमच निघून जातात. ज्याची नोंदच नाहीं, तें नष्ट झाल्याची तक्रार कोण करणार?

म्हणून आमची सूचना अशी. प्रत्येक तलावाचा एक कोपरा पुढील वर्षापर्यंत न उकरतां ठेवावा. काम सुरू होण्यापूर्वीं जाणत्या धीवरास बरोबर घेऊन, वसाहत धरलेल्या दोन-चार काटक्या व मूठभर कांठचा गाळ निरनिराळ्या बरण्यांत भरावा. बरणीवर गांव, तलाव व तारीख लिहून ती जवळच्या महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्र शाखेकडे पोंचवावी. खर्च दोन बरण्यांचा व श्रम एका सकाळचे. यंदां गाळाचें काम ज्या गांवीं निघणार असेल, तेथील सभासदांनीं एवढें मनावर घ्यावें, ही विनंती.