परसात सापडलेली अनोळखी वस्तू

जुने घर पाडून नवे बांधायचे ठरते, पाया खणायला सुरुवात होते आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मजुराची पहार कशावर तरी ठणकन आदळते. माती झाडून पाहिले तर हातभर लांबीचा, गंज चढलेला धातूचा तुकडा निघतो. लगेच सारे घर भोवती जमते. आजोबांना तो वाड्याच्या दाराचा अडणा वाटतो, थोरल्या काकांना तलवारीचा तुकडा वाटतो, तर शेजारी हळूच विचारतात, ‘‘आणखी खाली हंडा-बिंडा नाही ना?’’ संध्याकाळपर्यंत वस्तू एक तर चिंच-मीठ लावून घासली जाते, नाही तर भंगारवाल्याच्या तराजूत पडते. ती नेमकी काय होती हे मग कोणालाच कळत नाही.

खरे म्हणजे अशा दहा वस्तूंपैकी नऊ वस्तू अगदी साध्या, रोजच्या वापरातल्या असतात. त्या ओळखण्यासाठी फार विद्वत्ता लागत नाही. पहिली परीक्षा रंगाची. तांबूस-तपकिरी, पापुद्रे सुटणारा गंज असेल तर वस्तू लोखंडाची. हिरवट थर असेल तर तांबे, पितळ किंवा कासे. पांढुरका थर आणि आकाराच्या मानाने फार वजन असेल तर शिसे असण्याचा संभव अधिक. दुसरी परीक्षा लोहचुंबकाची. तो लोखंडाला चिकटतो. तांबे, पितळ आणि शिशाला चिकटत नाही. तिसरी परीक्षा झिजेची. वस्तू कुठे झिजली आहे, भोक कुठे आहे, मूठ बसवायला जागा आहे का, हे पाहिले की ती हातात धरायची होती, दारात बसवायची होती की जनावराच्या अंगावर होती, याचा अंदाज येतो.

एक उदाहरण पाहा. चंद्रकोरीसारखी, भोके पाडलेली लोखंडाची चपटी पट्टी पुष्कळ जुन्या घरांच्या आवारात निघते. ती दागिना नसते आणि शस्त्रही नसते. ती बैलाच्या खुराला मारायची पत्री असते. घोड्याचा खूर अखंड, म्हणून त्याचा नाल एकसंध; बैलाचा खूर दुभंगलेला, म्हणून त्याला दोन वेगळ्या पत्र्या. मधोमध मोठे भोक असलेली तांब्याची चकती वॉशर म्हणून फेकून देऊ नका. ते 1943 ते 1947 या काळातले भोकाचे पैसे असू शकते. गाडीच्या चाकाची धाव, मोटेचे कडे, अडकित्त्याचे एक पाते, कुलपाचा कोयंडा, समईचा तुटलेला भाग, अशा वस्तू तर वारंवार सापडतात. गावातल्या एखाद्या वृद्ध लोहाराला किंवा शेतकऱ्याला दाखवले, तर तो त्या क्षणात ओळखतो.

पण दहावी वस्तू वेगळी असते. 1870 साली मध्य प्रदेशात बालाघाट जिल्ह्यातल्या गुंगेरिया गावी गुरे चारणाऱ्या मुलांना जमिनीत धातू दिसला. खणल्यावर तांब्याची चारशेहून अधिक हत्यारे आणि चांदीचे सुमारे शंभर पातळ पत्रे बाहेर आले. 2022 च्या जून महिन्यात उत्तर प्रदेशात मैनपुरी जिल्ह्यातल्या गणेशपूर गावी एका शेतकऱ्याने शेत सपाट करायला घेतले आणि तांब्याच्या तलवारी व भाले निघाले. हा सगळा ठेवा 77 वस्तूंचा होता आणि त्याचे वय साडेतीन हजार वर्षांहून अधिक मानले जाते. गंगा-यमुनेच्या खोऱ्यात अशा तांब्याच्या ठेव्यांत हातपाय पसरलेल्या माणसासारखी एक जाड, वजनदार वस्तूही मिळते. ती पक्षी पाडण्यासाठी फेकायचे हत्यार होते की पूजेची प्रतिमा, यावर अभ्यासकांचे आजही एकमत नाही.

आपल्या महाराष्ट्रातले उदाहरण तर फार बोलके आहे. प्रवरा नदीच्या काठी, पूर्वीच्या अहमदनगर आणि आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, दायमाबाद नावाचे ठिकाण आहे. 1974 मध्ये तिथे एक भिल्ल शेतकरी झाडाचे खोड उपटण्यासाठी खणत असताना चार भरीव धातुशिल्पे सापडली: बैल जुंपलेला रथ आणि तो हाकणारा माणूस, हत्ती, गेंडा आणि रेडा. रथ सुमारे 45 सेंटिमीटर लांब आहे. भारतीय पुरातत्त्वातल्या अत्यंत मोलाच्या वस्तूंत आज त्यांची गणना होते.

मात्र ही शिल्पे शास्त्रशुद्ध उत्खननात मिळाली नाहीत. ती नेमकी कोणत्या थरात होती आणि शेजारी कोणती खापरे होती, याची नोंद झाली नाही. पुढे तिथे रीतसर उत्खनन झाले. बऱ्याच तज्ज्ञांनी शिल्पे उत्तर हडप्पा काळातली मानली. काहींनी धातूतल्या आर्सेनिकच्या प्रमाणावरून ती नंतरची असावीत, अशी शंका घेतली. हा वाद पूर्णपणे मिटलेला नाही. त्या शेतकऱ्याचा यात काहीच दोष नाही. त्याच्यामुळेच ही शिल्पे जगाला मिळाली. पण वस्तूइतकीच तिची जागाही मोलाची असते, हे यातून कळते.

म्हणून काही सापडले तर त्या ठिकाणचे खणणे थांबवा. वस्तू उचललीच असेल तर ती किती खोल होती आणि जवळ काय होते, हे वहीत लिहा, जमल्यास फोटो काढा. चिंच, राख, लिंबू, तारेची घासणी यांपासून तिला दूर ठेवा. जुन्या गंजाला चिकटलेले कापड, लाकूड किंवा पुसट अक्षरे एकदा घासून गेली की परत येत नाहीत. कड्यात ओवलेले तांब्याचे पत्रे मिळाले तर तो ताम्रपट असू शकतो. कोणत्या राजाने, कोणत्या साली, कोणते गाव कोणाला दान दिले, हे त्यावर कोरलेले असते. मोडीत त्याला फक्त तांब्याचा भाव मिळेल.

वस्तू तोफगोळ्यासारखी किंवा बॉम्बसारखी दिसत असेल तर तिला हातही लावू नका. मुलांना दूर करा आणि 112 क्रमांकावर पोलिसांना कळवा. जुनी दारूही फुटू शकते.

राहिला मालकीचा प्रश्न. यावरून सख्ख्या भावांत अबोला येतो. 1878 च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत दडलेली, दहा रुपयांहून अधिक किमतीची वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते. लपवल्यास वाटा तर जातोच, शिवाय एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकते. पण हाच कायदा सापडवणाऱ्याचा हक्कही राखतो. निधी बेवारस ठरला आणि वेगळा करार नसेल तर तीन चतुर्थांश वाटा सापडवणाऱ्याचा आणि उरलेला जागामालकाचा असतो. सरकारने वस्तू ठेवून घेतली तर धातूच्या किमतीवर आणखी एक पंचमांश रक्कम द्यावी लागते. काही राज्यांनी स्वतःचे कायदे केले आहेत, म्हणून तहसील कचेरीत चौकशी करावी. बेळगाव, इंदूर, बडोदे अशा ठिकाणच्या वाचकांनी हे विशेष लक्षात ठेवावे.

नऊ वेळा तुमच्या हाती पत्री किंवा कोयंडाच येईल. तोही घरात जपून ठेवा. त्या अंगणात कोणाचे बैल उभे राहिले आणि कोणते दार रोज रात्री लागत होते, हे नातवंडांना सांगायला तो उपयोगी पडेल. दहाव्या वेळी मात्र घासायची किंवा विकायची घाई करू नका. हजारो वर्षे मातीने सांभाळलेली वस्तू चार दिवस आपल्या घरात सांभाळणे काही कठीण नाही.