धूळ झटकू नका, पुसा!



पावसाळा सरता सरता आमच्या चाळीत एक गोष्ट दरवर्षी ठरलेली असते. सकाळी नळावर गेले की एकीच्या मुलाचे नाक वाहत असते, दुसरीच्या मुलीच्या छातीतून शिट्टीसारखा आवाज येत असतो, तिसऱ्याच्या अंगावर पित्त उठलेले असते. 'हवा बदलली' एवढे बोलून आपण हंडा उचलतो आणि घरी येतो. आम्हीही तेच करीत होतो. दोन वर्षांपूर्वी आमच्या धाकट्या लेकीमुळे आमचे डोळे उघडले. ती हकीकत या वेळी सांगावयाची आहे, कारण ती आमच्या एकट्याच्या घरची नाही.

लेक तेव्हा सात वर्षांची होती. आठवड्यातून एखादी रात्र ती बसून काढायची. झोपले की दम लागे, म्हणून आजी तिला मांडीवर टेकवून पहाटेपर्यंत जागत असे. एका सहामाहीत शाळेचे एकवीस दिवस बुडाले. मग जो भेटेल तो एकेक पदार्थ बंद करीत गेला. दही थंड, म्हणून बंद. केळ्याने कफ होतो, म्हणून बंद. अंडे उष्ण, पेरूने खोकला, दुधाने चिकटा, मासळीने अंगाला खाज. असे करता करता नऊ पदार्थ बंद झाले. पोरीच्या ताटात वरण-भात, चपाती आणि बटाट्याची भाजी एवढेच राहिले. दम होता तसाच राहिला. वजन मात्र वर्षात दोन किलोने उतरले.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी तिला काट्यावर उभे केले आणि आम्हाला विचारले, "एवढे सगळे बंद केल्यावर दम कमी झाला का?" आमच्याकडे उत्तर नव्हते. त्या म्हणाल्या, "मग लिहून ठेवा. काय खाल्ले, घरात काय झाले आणि त्रास कधी झाला."

आम्ही पडलो कारकून. जमा-खर्च मांडणे हाच आमचा धंदा. शंभर पानी वही घेतली, चार रकाने आखले आणि सहा आठवडे रोज लिहिले. शेवटी खतावणी केली. सहा आठवड्यांत त्रासाच्या रात्री सात. त्यातल्या पाच रविवारच्या! रविवारी जेवायला काय होते ते पाहिले, तर दर वेळी वेगळे. सारखी होती ती एकच गोष्ट. रविवारी सुट्टी, म्हणून सकाळी आम्ही माळ्यावरचे सामान खाली काढीत होतो, जळमटे झाडीत होतो आणि गोधड्या गॅलरीच्या कठड्यावर काठीने झोडपीत होतो. सहाव्या रविवारी आम्ही गावी लग्नाला गेलो होतो. घरात झाडलोट झाली नाही आणि पोर रात्रभर शांत झोपली. उरलेल्या दोन रात्री डास फार होते, म्हणून बंद खोलीत दोन-दोन कॉइल लावल्या होत्या.

म्हणजे आम्ही दह्यावर खटला भरला होता, आणि गुन्हेगार आमच्याच हातातल्या झाडूखाली होता.

अ‍ॅलर्जी म्हणजे काय

आपले शरीर रोगजंतूंशी लढते. काहींच्या शरीराला मात्र निरुपद्रवी वस्तूही शत्रू वाटते आणि ते तिच्याशी लढू लागते. शिंका, डोळ्यांची चुरचुर, अंगावरचे पित्त, छातीतली घरघर ही त्या नाहक लढाईची लक्षणे. याला 'अ‍ॅलर्जी' हे नाव 1906 साली व्हिएन्नाच्या फॉन पिर्के या बालरोगतज्ज्ञाने दिले. हा जंतूंचा आजार नव्हे. त्यामुळे तो एकाचा दुसऱ्याला लागत नाही आणि अशा मुलाचे ताट-पेला वेगळे ठेवण्याचे काही कारण नाही. नजर लागल्याने किंवा कोणी काही केल्यानेही हा होत नाही. उतारा टाकण्यात गेलेली रात्र औषधाविना गेलेली रात्र असते.

घरातल्या धुळीत काय असते? 1964 साली हॉलंडमधल्या लायडनच्या संशोधकांनी दाखवून दिले की, मुख्य दोषी धुळीत राहणारा एक सूक्ष्म किडा आहे. तो साधारण मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा, म्हणून डोळ्यांना दिसत नाही. तो चावत नाही. आपल्या अंगावरून झडणाऱ्या कातडीच्या कोंड्यावर तो जगतो. गादी, उशी, गोधडी ही त्याची घरे. त्याची विष्ठा सुकून धुळीत मिसळते आणि श्वासातून आत जाते. त्याला ओल लागते, म्हणून मुंबई-कोकणच्या हवेत त्याचे चांगले फावते. यावरून 'आमचे घर अस्वच्छ' असा ठपका कोणी स्वतःवर घेऊ नये. राजवाड्याच्या गादीतही तो असतोच.

सफाई कशी करावी

कोरडा झाडू धूळ काढत नाही, ती उडवतो. जमिनीवरची धूळ नाकाच्या उंचीवर येते आणि बारीक धूळ बराच वेळ तरंगत राहते. म्हणून आधी ओल्या फडक्याने कपाट, टीव्ही, पंख्याची पाती, खिडकीचे गज पुसावेत. झाडण्यापूर्वी फरशीवर पाण्याचा हबका मारावा किंवा सरळ ओले फडके फिरवावे. ज्याला त्रास आहे त्याने त्या वेळी घरात थांबू नये. पुढे तासभर तरी बाहेर राहावे.

अंथरूण सर्वांत महत्त्वाचे. चादरी, उशीचे अभ्रे आणि पांघरुणे आठवड्यातून एकदा कडक गरम पाण्यात, म्हणजे साठ अंशांच्या आसपास, भिजवून धुवावीत. त्यात हात घालता येत नाही, इतके ते पाणी गरम असते. म्हणून लहान मुलांना दूर ठेवून काठीने कपडे बुडवावेत. गाद्या, उशा, गोधड्या रणरणत्या उन्हात टाकाव्यात. उन्हाने ओल जाते आणि किडे मरतात, पण त्यांची घाण कापडातच राहते. म्हणून जे धुता येते ते धुवावेच. झोडपायचे असेल तर घरापासून लांब, नाकाला फडके बांधून. गादी पिंजायला देताना पिंजाऱ्याला दारात बसवू नये. शाळेतून येणारे पोर त्याच कापसातून चालत येते.

भिंतीची ओल आणि काळी बुरशी हा दुसरा शत्रू. कपाट भिंतीपासून चार बोटे पुढे ओढावे. मोरी रात्री कोरडी करावी. एकाच खोलीत ओले कपडे वाळत घालावे लागतात हे आम्ही जाणतो. तेव्हा निदान खिडकी उघडी आणि पंखा चालू ठेवावा. बुरशी साबणाच्या पाण्याने घासून काढावी. ब्लीचिंग पावडर वापरल्यास दारे-खिडक्या उघड्या ठेवाव्यात आणि ती संडासाच्या अ‍ॅसिडबरोबर कधीही मिसळू नये. त्यातून विषारी क्लोरिन वायू निघतो.

झुरळेही दम वाढवतात. रात्री उष्टी भांडी ठेवू नयेत, केराचा डबा झाकावा, फटी बुजवाव्यात. औषध फवारल्यावर लगेच मुलांना आत आणू नये.

आणि धूर! 2003 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे आढळले की, एक कॉइल जळताना जेवढे बारीक कण सोडते, तेवढे 75 ते 137 सिगारेटींतून निघतात. आम्ही हे वाचले आणि त्याच आठवड्यात मच्छरदाणी आणली. उदबत्तीचा धूर, फोडणीचा ठसका, चुलीचा धूर यांचेही तेच. विडी ओढणाऱ्याने 'दारात उभा राहून ओढतो' अशी स्वतःची समजूत घालू नये. धूर दारातूनच आत येतो.

आपल्यापैकी अनेकजण धुळीतच पोट भरतात. रस्त्याची सफाई, धान्याचे गोदाम, सिमेंट, कापूस, मसाल्याची गिरणी. त्यांनी कामाचे कपडे दाराशीच उतरवावेत, हात-पाय-तोंड धुवावे आणि मगच लेकराला उचलावे. कामावर मास्क मागणे हा आपला हक्क आहे. तो मागायला लाजू नये.

ताटाचा हिशेब

दम्याच्या किंवा सर्दीच्या मुलाचे दही, केळे, अंडे सरसकट बंद करू नये. अ‍ॅलर्जी बरी करणारा असा कोणताही पदार्थ नाही, पण उपासमारीने मूल कमजोर होते एवढे नक्की. ज्यांनी खरी अ‍ॅलर्जी होऊ शकते असे पदार्थ म्हणजे दूध, अंडे, भुईमूग, गहू, सोयाबीन, मासे, कोळंबी आणि काजू-अक्रोडासारखा सुकामेवा. तरी प्रत्येकाला सगळ्यांचा त्रास होत नाही. खाल्ल्यावर काही मिनिटांत ते दोन तासांत ओठ खाजणे, पित्त उठणे, उलटी होणे असे दर वेळी झाले, तरच त्या पदार्थावर संशय घ्यावा. दूध पिऊन पोट फुगणे हे बहुधा दूध न पचण्याचे लक्षण, अ‍ॅलर्जी नव्हे. बर्फाविना ठेवलेला बांगडा खाऊन अंग लाल होते, तोही बहुतेक वेळा शिळ्या मासळीचा दोष असतो आणि शिजवून तो जात नाही.

आमच्या लेकीला आम्ही डॉक्टरीणबाईंच्या सांगण्यावरून आठवड्याला एक पदार्थ परत दिला. दही सोसले. अंडे सोसले. केळे, पेरू, दूध, बोंबील, सगळे सोसले. फक्त सुकटीच्या चटणीने ओठ खाजले आणि मानेवर पित्त उठले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, धुळीतला किडा आणि कोळंबीच्या जातीतले जीव यांच्या अंगात एक सारखेच प्रथिन असते, म्हणून असे होऊ शकते. नऊ पदार्थांत दोषी निघाला एक. बाकी आठ वर्षभर नाहक शिक्षा भोगत होते, आणि त्यांच्याबरोबर आमची पोरही.

एक ताकीद. एखाद्या पदार्थाने पूर्वी ओठ-जीभ सुजली असेल, दम लागला असेल किंवा चक्कर आली असेल, तर घरी परीक्षा घेऊ नये. तसे पुन्हा झाले तर आमसुलाचे पाणी लावीत बसू नये. मिळेल त्या वाहनाने दवाखाना गाठावा. तिथे अ‍ॅड्रेनॅलिनचे इंजेक्शन जीव वाचवते.

लहानग्यांच्या आयांसाठी आणखी एक. अंडे, शेंगदाणा मुलाला जितक्या उशिरा द्यावा तितके बरे, असे पूर्वी सांगत. 2015 साली लंडनच्या संशोधनाने ते उलटे ठरवले. पहिल्या वर्षातच भुईमूग सुरू केलेल्या बाळांत त्याची अ‍ॅलर्जी पुष्कळ कमी आढळली. सहा महिने अंगावरचे दूध, मग वरच्या अन्नाबरोबर मऊ, बारीक केलेले सर्व द्यावे. अख्खा दाणा मात्र देऊ नये, तो घशात अडकतो. बाळाला मोठा इसब असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे.

पंपाची भीती

'पंपाची सवय लागते' हे आम्हीही ऐकले होते, म्हणून सहा महिने पंप कपाटात पडून होता. खरा हिशेब असा. पंपातले औषध मायक्रोग्रॅममध्ये मोजतात, गोळीतले मिलिग्रॅममध्ये. एक मिलिग्रॅम म्हणजे एक हजार मायक्रोग्रॅम. पंप थेट छातीत पोचतो, गोळी सर्व अंगभर फिरते. कोपऱ्यावरच्या 'लगेच आराम' देणाऱ्या पुडीत स्टेरॉइड असेल, तर हाडे आणि साखर यांचे नुकसान होते. रोजचा पंप डॉक्टरांना न विचारता थांबवू नये. मुलाला वाक्य पुरे बोलता येत नसेल, बरगड्यांमध्ये खड्डे पडत असतील, ओठ निळे दिसत असतील, तर सकाळची वाट पाहू नये.

शेवटी एक कबुली. लेकीसाठी ठेवलेल्या वहीत पत्नीने एका रात्री आपल्या अक्षरात एक ओळ लिहिली होती, 'मलाही रविवारी शिंका येतात.' लग्नाला अठरा वर्षे झाली, दर रविवारी ती झाडीत होती आणि शिंकत होती. आम्ही तिला कधी विचारले नव्हते. आता रविवारी ओले फडके आमच्या हातात असते. मायलेकी शेजारच्या मावशींकडे जाऊन बसतात. पहिल्या रविवारी चाळीतले दोघे-तिघे हसले. परवा त्यांतलाच एकजण दारात येऊन विचारीत होता, "साहेब, ती वही कशी आखायची?"

रकाने चारच आहेत. तारीख, जेवण, घरातले काम, त्रास. आजच आखा आणि सहा आठवड्यांनी डॉक्टरांना दाखवा.