नरक्याचा काढा आणि बुरशीचा भरवसा

संपादक महोदय,

नरक्या या सह्याद्रीतील झाडावरच्या आपल्या लेखातील दोन विधाने तशीच सोडून देण्यासारखी नाहीत.

एक, त्याच्या सालीचा काढा कर्करोगावर चालतो. झाडातील कॅम्प्टोथेसिन हे द्रव्य आधी सापडले ते एका चिनी झाडात. १९६६मध्ये, अमेरिकेत, मन्रो वॉल आणि मनसुख वाणी यांना. (वाणी मूळचे नंदुरबारचे. लेखात त्यांचे नावही नाही!) पेशी विभागताना डीएनएचा पीळ सोडवणाऱ्या विकराला ते अडवते, त्यामुळे निरोगी पेशीही त्याच्या तडाख्यातून सुटत नाहीत. रुग्णांवरील सुरुवातीच्या चाचण्या मूत्राशयातील रक्तस्रावासारख्या दुष्परिणामांमुळे १९७०च्या दशकात थांबवाव्या लागल्या. आज रुग्णालयात मिळतात ती टोपोटेकन, इरिनोटेकन ही त्याच रेणूत फेरफार करून बनवलेली, मोजूनमापून दिली जाणारी औषधे. घरच्या पातेल्यात किती विष उतरले, हे कोण मोजणार?

दुसरे, झाडात राहणारी बुरशीच हे द्रव्य बनवते, म्हणून वृक्षतोडीची चिंता मिटली. नरक्यातील अशा बुरशीचा शोध २००५मध्ये प्रसिद्ध झाला, हे मान्य. पण झाडापासून तोडून प्रयोगशाळेत पिढ्यान्‌पिढ्या वाढवताना अशा बुरशींचे उत्पादन घटत जाते. ही मुख्य अडचण लेखकाने गाळली आहे. इकडे चंदगड-सिंधुदुर्गाकडच्या जंगलांतून नरक्याची चोरटी तोड होतच आहे.

काढ्याबाबतचा खुलासा पुढच्याच अंकात छापावा.

आपला,
वनस्पतिशास्त्राचा एक निवृत्त शिक्षक, कोल्हापूर