मास्तर घरी कसे होते?

कन्हानकाठचं खापा असो की मुंबई, निवृत्त गुरुजी गेले की शोकसभेतली भाषणं ठरलेली: शिस्त, वक्तशीरपणा, सेवेची वर्षं. घराविषयी जेमतेम एक वाक्य.

कवी नारायण सुर्वे यांच्याबाबतीत ही उणीव त्यांच्या पत्नी कृष्णाबाईंनी भरून काढली. रस्त्यावर सापडलेल्या लहानग्या नारायणला गिरणी कामगार गंगाराम सुर्वे यांनी वाढवलं. पुढे मुंबई महापालिकेच्या शाळेत नारायण सुर्वे आधी शिपाई, मग शिक्षक झाले. १९९८ साली पद्मश्री मिळाली; १६ ऑगस्ट २०१० रोजी ते गेले. एवढं मृत्युलेखात मावतं.

संसाराची झळ मात्र ‘मास्तरांची सावली’ या कृष्णाबाईंच्या आत्मकथनात आहे. मला तर तीच खरी श्रद्धांजली वाटते.

पुढच्या शोकसभेत गुरुजींच्या बायकोच्या हाती माईक द्या. पहिल्या रांगेत ती नुसतीच बसलेली असते.