स्वतंत्र वसाहत पुरेशी नाही : माउंड बायूचा धडा

"आपलं वेगळं गाव वसवू, आपल्या संस्था काढू, राजकारणाच्या चिखलात कशाला पडायचं?" असा सूर हल्ली आपल्या तरुणांत ऐकू येतो. या मित्रांनी अमेरिकेतील मिसिसिपी राज्यातल्या माउंड बायू या गावाचा इतिहास तपासावा.

गुलामगिरीत जन्मलेल्या आयझाया माँटगोमेरी यांनी १८८७ मध्ये नातलग बेंजामिन ग्रीन यांच्यासोबत जंगल तोडून हे गाव वसवले. महापौर कृष्णवर्णीय, दुकानदार कृष्णवर्णीय. १९०४ मध्ये गावाची स्वतःची बँक निघाली. माँटगोमेरींचे विटांचे दुमजली घर आज राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ आहे.

पण त्या घराच्या मालकाची दुसरी बाजूही पाहा. १८९० च्या मिसिसिपी घटना परिषदेत ते एकमेव कृष्णवर्णीय प्रतिनिधी होते. मतदानासाठी कर आणि साक्षरतेची अट घालून कृष्णवर्णीयांचा मताधिकार हिरावणाऱ्या घटनेला त्यांनी पाठिंबा दिला. मत सोडले तर गोरे शांततेने जगू देतील, हा हिशेब. शांतता मिळाली नाही. मत मात्र कित्येक दशके गेले.

मग गावातल्या संस्था व्यर्थ होत्या का? मुळीच नाही. १९४२ मध्ये गरीब सभासदांच्या वर्गणीतून इथे टॅबोरियन हॉस्पिटल उभे राहिले. त्याचे एकेकाळचे मुख्य सर्जन डॉ. टी. आर. एम. हॉवर्ड यांनी १९५१ मध्ये नागरी हक्कांची संघटना काढली. जिथे शौचालय वापरू देत नाहीत तिथे पेट्रोल घेऊ नका, हा तिचा बहिष्कार गाजला. त्यात पुढे आलेले मेडगर एव्हर्स तेव्हा याच गावात विमा एजंट होते. ज्याची भाकरी गोऱ्या जमीनदाराच्या हातात नव्हती, तोच उघड बोलू शकला. संस्थेचे खरे मोल हेच.

त्याच १९४२ च्या जुलैमध्ये नागपूरच्या परिषदेत बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली स्वतंत्र वसाहतींची मागणी झाली. पण ती एकटी नव्हती; स्वतंत्र मतदारसंघांची मागणीही सोबत होती. वसाहत आणि सत्ता, दोन्ही एकाच वेळी. बाबासाहेब आणि माँटगोमेरी यांच्यातला फरक इथे आहे.

म्हणून पतसंस्था काढा, वसतिगृहे चालवा, विहारात अभ्यासिका सुरू करा. पण त्यांच्या बदल्यात कोणी तुमचा राजकीय आवाज मागत असेल, तर तो सौदा स्पष्ट नाकारा. स्वाभिमानाने उभे केलेले गावही मताशिवाय दुसऱ्याच्या मर्जीवर जगते.

जय भीम!