पोरगी थोराड दिसते म्हणून...



परवा विहारात वंदनेनंतर एक ताई म्हणाल्या, "भाऊ, माझी पोरगी अन् जावेचा पोरगा, दोघं बारा वर्षांचे. पोरगी त्याच्याहून उंच झाली, थोराड दिसती. लोक स्थळं सुचवाया लागले."

ताईंची काळजी खोटी नाही. पण त्यामागे एक मोठा गैरसमज आहे. मुलींची उंची साधारण १० व्या-११ व्या वर्षी झपाट्याने वाढू लागते. मुलांची वाढ सुमारे दोन वर्षे उशिरा जोर धरते. म्हणूनच सहावी-सातवीत मुली उंच दिसतात. पुढे मुलांचा आवाज फुटतो, खांदे रुंदावतात व ते पुढे जातात. मुलींची उंची १५-१६ वर्षांपर्यंत, तर मुलांची १७-१८ पर्यंत वाढते. तेव्हा ठेंगण्या मुलाला चिडवू नये आणि उंच मुलीला बाई समजू नये.

पाळी आली म्हणजे मुलगी आई होण्याजोगी झाली, असे नव्हे. उंची थांबल्यावरही कमरेची हाडे भरायची राहतात. त्या वयात दिवस गेले तर माय-लेकरू दोघांच्या जिवावर बेतते.

आपल्या पाथर्डी-शेवगावकडची कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात. वयात आलेली मुलगी कोणापाशी ठेवायची? शिवाय नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. या दोन्ही कारणांनी लग्न उरकले जाते. कायद्याने मुलीचे वय १८ व मुलाचे २१ पूर्ण हवे. कुठे बालविवाह ठरत असेल तर १०९८ वर फोन करा.

घरातही पाहा. अंडे मुलाच्या ताटात आणि मुलगी मागाहून जेवणार! वाढ दोघांचीही आहे. उलट पाळीमुळे मुलीच्या अंगातले लोह कमी होते. बाजरीची भाकरी, मेथी, मटकी, गूळ-शेंगदाणे दोघांना सारखे द्या. शाळेत मिळणारी लोहाची निळी गोळी जेवणानंतर घेऊ द्या, चहाबरोबर नको.

२० जुलै १९४२ रोजी नागपूरच्या महिला परिषदेत बाबासाहेबांनी आपल्या आयाबहिणींना मुलांच्या लग्नाची घाई करू नका, असेच बजावले होते.

ताईंना मी एवढेच म्हणालो, "पोरगी उंच झाली ना? मग नवा गणवेश शिवा. हळदीची साडी राहू द्या."