पैठणची डोकी मोजायची ती कुठपर्यंत?



पैठण म्हटले की नाथषष्ठीची वारी आठवते, पैठणी आठवते. शाळेत शिकलेल्यांना सातवाहनांची राजधानी आठवते. सरकारदप्तरी मात्र पैठण म्हणजे गोदावरीच्या डाव्या काठावरचे, छत्रपती संभाजीनगरच्या दक्षिणेला सुमारे 50 किलोमीटरवरचे नगरपालिकेचे गाव. 2001 च्या जनगणनेत तिथे साडेचौतीस हजार माणूस होता, 2011 मध्ये साडेएक्केचाळीस हजारांच्या घरात गेला. 2021 ची गणती तर त्या वर्षी झालीच नाही. आकडा खोटा आहे असे माझे म्हणणे नाही, पण तो पालिकेच्या हद्दीवर येऊन थांबतो. नदी काही तिथे थांबत नाही.

गावाच्या उशाला जायकवाडीचे धरण आहे. 1965 साली लालबहादूर शास्त्रींनी पायाभरणी केली, 1976 साली इंदिरा गांधींनी उद्घाटन केले. साठवण 102 टीएमसी. ऐकायला मोठा आकडा वाटतो! पण हा मुलूख सपाट. घाटातल्या धरणात पाणी खोल राहते, इथे ते परातीत ओतल्यासारखे पसरले, साडेतीनशे चौरस किलोमीटरवर. हिशेब करून पाहा, सरासरी खोली 27 फुटांच्या आसपास भरते. म्हणजे आपल्याकडच्या बऱ्याच विहिरी याहून खोल. वैशाख लागला की उन्हाने किती पाणी उडत असेल ते ज्याची विहीर आटते त्याला सांगायला नको. त्या पाण्याखाली शंभरावर गावे गेली, नदीकाठची कसदार काळी जमीन गेली. ती माणसे पैठणच्या लोकसंख्येत कधीच नव्हती. उठली, पांगली, आणि ज्या गावात गेली त्या गावाच्या यादीत मिसळली. धरणापायी उठलेला माणूस म्हणून जनगणनेत त्यांचे वेगळे खाते नाही.

कालव्यांचेही तसेच. डावा 208 किलोमीटर, उजवा 132. पाणी उताराने वाहते, त्यामुळे कालव्याच्या वरच्या अंगाचा कापूसवाला, ज्वारीवाला धरण डोळ्यांनी पाहतो आणि आभाळाकडे बघून पेरतो. 2012-13 च्या दुष्काळात धरणाचा मृतसाठा उपसायची वेळ आली, याच तालुक्यात मोसंबीच्या बागा जळाल्या. आणि 2006 च्या ऑगस्टात धरणातून सोडलेले पाणी पैठणच्या घरांत शिरले. कोरड पडली तरी काठच्यांना, पूर आला तरी काठच्यांनाच!

याच जलाशयातून छत्रपती संभाजीनगर पाणी पिते. 2011 मध्येच त्या शहराची वस्ती पावणेबारा लाख होती. शिवाय कारखाने. शहराने तहानलेले राहावे असे कोणी शेतकरी म्हणणार नाही. आपली पोरे तिथेच खोल्या करून शिकतात, राबतात. पण 2003 च्या राज्य जलनीतीत पिण्यानंतरचा नंबर उद्योगाला दिला होता आणि शेती तिसरी. ती चूक दुरुस्त करायला 2011 उजाडले. कागदावर शेती दुसरी झाली खरी. पाणी मागताना शहर मात्र माणशी लिटरचा आकडा पुढे करते, कारखाना कराराचा कागद दाखवतो. आपण काय दाखवतो? निवेदन. त्याखाली अंगठे आणि सह्या, आकडा एकही नाही.

म्हणून पुढच्या जिल्हा बैठकीला येताना गावाचा एक कागद आणा. धरणात गेलेली जमीन किती, धरणापायी उठून आलेली घरे किती, कालव्याचे पाणी गेल्या पाच वर्षांत किती पाळ्या मिळाले, कोरडवाहू एकर किती, फेब्रुवारीत कोरड्या पडणाऱ्या विहिरी किती. तलाठ्याचा उतारा मिळाला तर जोडा. नाही मिळाला तर वहीच्या पानावर लिहून पाच जाणत्यांच्या सह्या घ्या. सगळ्या गावांचे कागद बैठकीतच एकत्र बेरजेला लावू.